रानातील अळंबी माणसाळताना

मृगाच्या सरींनी जमीन भिजली आणि आर्द्रा-पुनर्वसूची झड लागली, की रानावनांत, बांधांवर आणि जुन्या वारुळांच्या अवतीभवती पांढऱ्या छत्र्या उगवू लागतात. कोकणात आणि गोव्यात त्यांना अळंबी किंवा अळमी म्हणतात. पूर्व विदर्भात सात्या, टेकोडे ही नावे ऐकू येतात. भल्या पहाटे रानात जाऊन ही अळंबी शोधणाऱ्या आणि पानांत गुंडाळून रस्त्याच्या कडेला विकणाऱ्या स्त्रियांच्या हाती या दिवसांत चार पैसे येतात. भाताची लावणी चालू असते, घरातील धान्य सरत आलेले असते. अशा वेळी या कमाईचे मोल फार मोठे असते. तथापि हा हंगाम मोजक्या आठवड्यांचा. सकाळी टवटवीत दिसणारी छत्री दुसऱ्या दिवशी मलूल होते आणि श्रावण सरता सरता ही आवक थांबते.

एवढी मागणी असलेली ही वस्तू रानातून वेचून आणण्याऐवजी परसात का पिकवू नये, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर सर्व अळंबींसाठी एकच नाही. उष्ण प्रदेशातील काही रानटी जाती गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत भारतात लागवडीखाली आल्या. काही जाती मात्र शास्त्रज्ञांच्या दीर्घ प्रयत्नांनंतरही लागवडीस वश झालेल्या नाहीत. कोणती जात कोणत्या गटात मोडते, हे निसर्गात ती कशावर जगते आणि कोणाच्या सोबतीने जगते, यावर अवलंबून असते. ही गोष्ट ध्यानात आली, म्हणजे कोणत्या अळंबीसाठी पिकाची योजना आखावी आणि कोणत्या अळंबीसाठी रान राखावे, याचा निवाडा करणे सोपे जाते.

छत्रीखालचे खरे शरीर

अळंबी ही एक प्रकारची बुरशी आहे. हिरव्या वनस्पतींप्रमाणे तिला सूर्यप्रकाशातून अन्न तयार करता येत नाही. आपल्याला दिसणारी छत्री हे केवळ तिचे फळ होय. तिचे खरे शरीर म्हणजे जमिनीत, लाकडात किंवा पालापाचोळ्यात पसरलेले पांढऱ्या सुताच्या धाग्यांसारखे जाळे. त्याला कवकजाल म्हणतात. आंब्याचे झाड जमिनीत गाडलेले असावे आणि फक्त आंबे वर दिसावेत, तसाच हा प्रकार आहे. छत्रीच्या खालच्या बाजूस असलेल्या पापुद्र्यांतून सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर पसरतात.

अन्न मिळविण्याच्या रीतीनुसार अळंबीचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटातील अळंबी मृत लाकूड, काड आणि पाचोळा कुजवून त्यावर जगते. दुसऱ्या गटातील अळंबी जिवंत वृक्षांच्या मुळांशी भागीदारी करते. ती झाडाला जमिनीतील पाणी व क्षार पुरविते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. तिसऱ्या गटातील अळंबीचा संसार वाळवीबरोबर चालतो. माणसाला आजवर जे यश लाभले आहे, ते मुख्यतः पहिल्या गटात. कारण उघड आहे : मृत काड पिशवीत भरता येते, पण वृक्षाची मुळे आणि वाळवीचे वारूळ पिशवीत मावत नाहीत.

उष्ण प्रदेशाची निकड

बाजारात सर्वत्र दिसणारी पांढरी बटन अळंबी मुळात थंड हवेची. तिच्या फळधारणेसाठी साधारण १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. हिमाचल प्रदेशासारख्या राज्यात हिवाळ्यात ते सहज मिळते. परंतु चंद्रपूरच्या किंवा रत्नागिरीच्या खेड्यात ते मिळवायचे, तर वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि मोठे भांडवल हवे. अल्पभूधारक शेतकरी अथवा महिला बचत गट यांना हा मार्ग परवडणारा नाही. म्हणून उष्ण प्रदेशात आपण होऊन वाढणाऱ्या रानटी अळंबीकडे संशोधकांचे लक्ष वळले.

या दिशेने भारतातील पहिले महत्त्वाचे पाऊल १९४० च्या दशकात कोइमतूर येथे पडले. भाताच्या पेंढ्यावर येणारी व्हॉल्व्हेरिएला ही जात तेथे लागवडीखाली आणण्यात आली. चीनमध्ये ती त्यापूर्वीपासून पिकविली जात होती. पुढे १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून धिंगरी अळंबीच्या एका जातीची भाताच्या पेंढ्यावरील लागवड प्रसिद्ध झाली. हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या वाळक्या खोडांवर उगवणारी धिंगरीची आणखी एक जात सी. एल. जांडाइक यांच्या हाती लागली आणि १९७४ मध्ये तिच्या लागवडीची पद्धत प्रसिद्ध झाली. या तीनही उदाहरणांत संशोधकांनी आधी निसर्गात ती जात कशावर वाढते ते पाहिले आणि मग तेच किंवा तत्सम खाद्य तिला पुरविले.

बंगालची दुधी अळंबी

रानातील अळंबी पिकाच्या पंक्तीस येण्यास किती काळ आणि किती चिकाटी लागते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे दुधी अळंबी. पश्चिम बंगालमध्ये उन्हाळी पावसानंतर रस्त्यांच्या कडेला आणि सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या मातीत दुधासारखी शुभ्र, जाड देठाची अळंबी उगवते. लोक ती पूर्वापार खात आले आहेत. १९७४ मध्ये आर. पी. पुरकायस्थ आणि त्यांच्या सहकारी चंद्रा यांनी या अळंबीचे शास्त्रीय वर्णन करून तिला कॅलोसायबी इंडिका हे नाव दिले. १९७९ मध्ये पुरकायस्थ व नायक यांनी तिच्या कृत्रिम लागवडीची पद्धत मांडली.

येथवर आल्यावर हे पीक शेतकऱ्यांच्या हाती लगेच पडावयास हवे होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. प्रयोगशाळेत काही छत्र्या येणे आणि खेड्यातील झोपडीवजा शेडमध्ये दर आठवड्यास भरवशाचे उत्पादन निघणे, यांत मोठे अंतर असते. ते अंतर १९९० च्या दशकात तामिळनाडू कृषी विद्यापीठाने कापले. तेथील ए. एस. कृष्णमूर्ती यांनी रानातून मिळविलेल्या वाणावर काम करून लागवडीची सोपी पद्धत बसविली आणि १९९८ मध्ये एपीके-२ हा वाण प्रसारित झाला. त्यानंतर ही अळंबी दक्षिणेतील राज्यांत वेगाने पसरली. शास्त्रीय नाव मिळाल्यापासून वाण प्रसारित होईपर्यंत चोवीस वर्षे लागली, हे योजना आखणाऱ्यांनी विसरू नये.

रानातून परीक्षानळीत

हा प्रवास कसा घडतो? रानात अळंबी दिसताच तिचे ठिकाण, आधार, ऋतू आणि भोवतालची झाडे यांची नोंद केली जाते. छत्री कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा रंग पाहिला जातो आणि नमुना वाळवून जपला जातो. जातीची ओळख पक्की झाल्याखेरीज पुढचे पाऊल टाकता येत नाही, कारण खाद्य आणि विषारी जाती कित्येकदा दिसण्यात सारख्या असतात.

त्यानंतर कोवळी छत्री निर्जंतुक वातावरणात मधोमध फाडून देठ आणि टोपी जेथे जुळतात तेथील आतला गर तांदळाच्या दाण्याएवढा काढतात. तो बटाट्याचा अर्क, ग्लुकोज आणि आगर यांपासून बनविलेल्या माध्यमावर परीक्षानळीत ठेवला, की काही दिवसांत त्यातून पांढरे धागे फुटतात. हे शुद्ध संवर्धन होय. एका छत्रीपासून काढलेले संवर्धन त्या एकाच छत्रीचे गुण घेऊन येते. म्हणून निरनिराळ्या ठिकाणचे अनेक नमुने गोळा करून त्यांची तुलना करावी लागते. कोणता वाण लवकर पसरतो, कोणता अधिक फळे देतो, कोणाचे फळ अधिक काळ टिकते, हे पाहूनच निवड होते.

निवडलेल्या वाणापासून बियाणे तयार होते. त्यास स्पॉन म्हणतात. ज्वारीचे अथवा गव्हाचे दाणे अर्धवट शिजवून, त्यात चुनखडीची भुकटी व जिप्सम मिसळून, पिशव्यांत भरून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले जातात. त्यांत शुद्ध संवर्धनाचा तुकडा टाकला, की सुमारे दोन ते तीन आठवड्यांत दाण्यादाण्यावर पांढरे जाळे चढते.

पिशवीतील पीक

दुधी अळंबीची लागवड समजण्यास कठीण नाही. भाताचा स्वच्छ, कोरडा पेंढा तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचा कापून पाण्यात भिजत घालतात. नंतर तो सुमारे तासभर ८० ते ९० अंश तापमानाच्या पाण्यात किंवा वाफेवर ठेवून निथळू देतात. हेतू असा, की पेंढ्यातील इतर बुरशी आणि किडे मरावेत आणि अळंबीस मैदान मोकळे मिळावे. निवलेला पेंढा प्लॅस्टिकच्या पिशवीत थरांनी भरतात आणि प्रत्येक थरावर बियाणे पसरतात. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या चार ते पाच टक्के बियाणे पुरते. पिशव्या अंधाऱ्या व उबदार खोलीत ठेवल्या, की सुमारे तीन आठवड्यांत सारा पेंढा पांढरा होतो.

पुढची पायरी दुधी अळंबीचे वैशिष्ट्य सांगणारी आहे. धिंगरीच्या बाबतीत एवढ्यावरच फळे येऊ लागतात. परंतु दुधी अळंबीच्या पेंढ्यावर मातीचा थर द्यावा लागतो. रानात ती मातीतूनच वर येते आणि ही सवय तिने पिशवीतही सोडलेली नाही. माती वाफवून व चुन्याने किंचित विम्ल करून तिचा दोन ते तीन सेंटिमीटरचा थर देतात आणि पाणी फवारून तो ओलसर राखतात. खोलीत ३० ते ३५ अंश तापमान, ८० ते ८५ टक्के आर्द्रता, पुरेसा उजेड आणि खेळती हवा असली, की आठ-दहा दिवसांत मातीतून टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर फुटतात आणि त्यानंतर सुमारे आठवड्याने पहिली तोडणी होते. हे तापमान आपल्याकडील उन्हाळ्याचेच आहे, आणि यातच या पिकाचे महत्त्व सामावलेले आहे. व्यवस्था चोख असल्यास एक किलो कोरड्या पेंढ्यामागे सुमारे ६०० ते ८०० ग्रॅम ताजी अळंबी मिळू शकते. उरलेला पेंढा कंपोस्ट अथवा गांडूळखतासाठी उपयोगी पडतो.

काढणीनंतरच्या टिकाऊपणातही ही जात सरस आहे. व्हॉल्व्हेरिएला काढल्या दिवशीच खपवावी लागते. शीतकपाटात ठेवली, तर ती पाणी सुटून लवकर खराब होते. दुधी अळंबी मात्र साध्या तापमानात दोन-तीन दिवस चांगली राहते. ज्या गावापासून बाजारपेठ दूर आहे, तेथे जातीची निवड करताना हा फरक निर्णायक ठरतो.

वारुळातील अळंबी वश का होत नाही

आता ज्या अळंबीसाठी कोकण-गोव्यातील खवय्ये अधीर असतात, तिच्याकडे वळू. वारुळांवर येणारी ही अळंबी टर्मिटोमायसिस या वंशातील आहे. १९४२ मध्ये रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने या वंशास हे नाव दिले. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि अळंबीलाही त्यावरूनच नाव पडले आहे. ही जात लागवडीखाली का येत नाही, याचे उत्तर वारुळाच्या पोटात आहे.

विशिष्ट जातींची वाळवी वाळलेली पाने व लाकूड खाऊन आपल्या विष्ठेपासून वारुळात स्पंजासारखी पोळी रचते. त्या पोळ्यांवर ही बुरशी वाढते. लाकडातील जो कठीण भाग वाळवीला पचत नाही, तो बुरशी पचविते आणि वाळवी बुरशीचे बारीक पांढरे गोळे व जुनी पोळी खाऊन जगते. वारुळातील ऊब आणि ओलावा वाळवी राखते, इतर बुरशीचा उपद्रव ती निपटून काढते. आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी या सहजीवनास प्रारंभ झाला, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. म्हणजे ही अळंबी रानटी दिसत असली, तरी माणसाच्या फार आधी वाळवीने तिला माणसाळविले आहे!

प्रयोगशाळेत टर्मिटोमायसिसचे कवकजाल माध्यमावर वाढविता येते. परंतु बाजारात विकता येईल अशी छत्री वाळवीविना भरवशाने उगवून आणणे अद्याप साधलेले नाही. पावसाळ्यात पोळ्यापासून निघणारा तिचा मुळासारखा लांब देठ माती भेदून वर येतो. त्यामागील नेमक्या खुणा वाळवीच्या वस्तीशी निगडित आहेत. यास्तव या अळंबीचे बियाणे कोणी विकावयास आले, तर ग्रामस्थांनी सावध राहणे इष्ट.

वृक्षांच्या मुळांशी नाते जोडणाऱ्या अळंबीची अडचणही याच जातीची आहे. झारखंडमधील रुगडा आणि बस्तरमधील बोडा हे सालवृक्षाखाली मिळतात. त्यांना चांगला भाव मिळतो, पण सालाचे वन हेच त्यांचे शेत आहे. ते वन तुटले, की पीकही संपले.

विषाची परीक्षा

लागवडीमागे आणखी एक गंभीर कारण आहे. रानातील अळंबी ओळखताना झालेली चूक जिवावर बेतू शकते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात विषारी अळंबी खाल्ल्यामुळे दहाहून अधिक माणसे दगावली; त्यांत चहामळ्यांतील कामगार कुटुंबे होती. चांदीचे नाणे काळे पडले तर अळंबी विषारी, किडे खातात ती निर्धोक, हळद किंवा लसूण घालून शिजविली की विष उतरते, अशा समजुती सर्वत्र आढळतात. यांपैकी एकही कसोटी खरी नाही. अमॅनिटा वंशातील घातक जातींचे विष शिजविल्याने नाहीसे होत नाही. उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात; मध्यंतरी रोग्यास बरे वाटू लागते आणि तोवर यकृतावर आघात झालेला असतो. म्हणून शंका येताच उरलेल्या अळंबीसह रोग्यास रुग्णालयात नेणे अगत्याचे आहे. ओळखीच्या बियाण्यापासून पिकविलेल्या अळंबीत हा धोका नसतो. शाळांतील शिक्षकांनी पावसाळ्याच्या आरंभी एवढी माहिती मुलांना दिली, तरी पुष्कळ काम होईल.

योजना आखताना

अळंबीच्या गुणांविषयी अतिशयोक्तीही टाळावयास हवी. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅममधून दोन ते तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळ, दूध किंवा अंडे यांची जागा ती घेऊ शकत नाही. त्यांच्या जोडीला मात्र ती उत्तम आहे. अळंबीतील एर्गोस्टेरॉल या घटकाचे उन्हात ड जीवनसत्त्वात रूपांतर होते, हा तिचा विशेष लाभ.

खरी अडचण येते ती बियाण्याची. भाताचे बी शेतकरी घरी राखू शकतो. अळंबीचे बियाणे घरी राखता येत नाही. ते निर्जंतुक प्रयोगशाळेतच तयार होते, महिन्याभरात जुने होते आणि उन्हात प्रवास घडल्यास निकामी होते. प्रशिक्षण झाले, शेड उभी राहिली, पहिले पीकही आले आणि नंतर वेळेवर बियाणे न मिळाल्याने पिशव्या रिकाम्या राहिल्या, असे होऊ द्यावयाचे नसेल, तर बियाण्याची सोय आधी आणि शेड नंतर हा क्रम पाळला पाहिजे. पुणे येथील कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळंबी प्रकल्पाचे केंद्र आहे. देशपातळीवर हिमाचल प्रदेशातील सोलन येथील अळंबी संशोधन संस्था वाण जतन करते व प्रशिक्षण देते. अशा केंद्रांचा सल्ला घेऊनच गावाने पाऊल उचलावे. काम करणाऱ्यांच्या प्रकृतीचाही विचार हवा. विशेषतः धिंगरीचे बीजाणू कोंडलेल्या खोलीत श्वासावाटे जाऊन खोकला व दम्यासारखा त्रास होऊ शकतो. तोंडावर फडके बांधणे, हवा खेळती ठेवणे आणि छत्री पूर्ण उमलण्याआधी तोडणे हे त्यावरील साधे उपाय होत.

दुसरे काम रानाचे आहे. दुधी अळंबीचा वाण आकाशातून पडला नाही. तो रानातून मिळाला. उद्याचे वाणही रानातच आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. गावच्या रानात कोणती अळंबी कोणत्या नक्षत्रात, कशावर उगवते, तिला काय म्हणतात, कोणती टाळतात, हे ज्ञान बहुधा वेचणाऱ्या वृद्ध स्त्रियांपाशी असते. ते या नोंदवहीत उतरले पाहिजे. वारुळावरील अळंबी वेचताना कळ्या मागे ठेवणे, वारूळ न खणणे आणि शेताच्या कडेची जुनी वारुळे निष्कारण न पाडणे, एवढे नियम ग्रामसभेला सहज करता येतील. कोकणात आणि गोव्यात सातेरीदेवी वारुळाच्या रूपात पुजिली जाते. त्या श्रद्धेने अनेक वारुळे आजवर राखली. अभयारण्यांतून वनोपज काढण्यावर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे निर्बंध आहेत, हेही वेचणाऱ्यांना समजावून सांगितले पाहिजे.

भाताचा पेंढा ज्या गावी मुबलक आहे आणि बियाण्याची सोय आहे, तेथे उन्हाळ्यात दुधी आणि सौम्य हवेत धिंगरी पिकविता येईल. त्यामुळे रानावरील भार काहीसा हलका होईल आणि पावसाळ्यातील चार आठवड्यांची कमाई वर्षाचे अनेक महिने चालू राहील. वारुळातील अळंबी मात्र तूर्त वाळवीच्याच हवाली ठेवावी. तिचे गुपित उलगडेपर्यंत वारूळ शाबूत राखणे, हीच तिची लागवड होय.